शनिवारची बैठक आणि पस्तीस ग्लास

१६ सप्टेंबर २०२५, मंगळवार. रिपोर्ट हातात आला. यकृताची एसजीपीटी तपासणी ९२, सोनोग्राफीत यकृतावर चरबी, ग्रेड दोन. डॉक्टरांनी रिपोर्टचा कागद उलटा केला, कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं आणि विचारलं, "शनिवारी किती?" मी म्हणालो, स्ट्राँग बिअरच्या दोन बाटल्या, ६५० मिलीच्या. त्यांनी हिशोब मांडला. ६५० मिलीत आठ टक्के म्हणजे ५२ मिली अल्कोहोल, वजनात साधारण ४१ ग्रॅम. दोन बाटल्यांचं ८२ ग्रॅम. मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीचं काम बघतो. दिवसभर ग्रॅम आणि टक्के यांच्यातच असतो, पण स्वतःच्या पोटात जाणाऱ्याचा हिशोब एकोणीस वर्षांत कधी केला नव्हता.

"तीन महिने बंद. मग परत रक्त तपासू," ते म्हणाले.

बिअर सोडणं जमलं असतं. मला काळजी होती ती शनिवारच्या बैठकीची. शहापुरात आमच्या माडीवर एकोणीस वर्षं चार-पाच माणसं जमतायत. मुलांच्या ॲडमिशन, आईचं आजारपण, एकाच्या भावाशी चाललेला जमिनीचा वाद, सगळं त्या माडीवर बोलून झालंय. पहिले दोन शनिवार मी लिंबू सोडा घेऊन बसलो आणि नऊ वाजता उठून खाली आलो. हातात गोड पाणी घेऊन तीन तास बसवत नाही. जेवणाआधी काहीतरी कडू, थंड, फेसाळ जिभेला हवं असतं.

त्या आठवड्यात हॅम्बुर्गहून भाच्याचा फोन आला. त्याला सांगितलं तर म्हणाला, "मामा, इकडं मॅच बघायला बसलेले कित्येक जण अल्कोहोलफ्राय, म्हणजे जवळपास बिनअल्कोहोलची बिअर मागवतात, कुणी वळून बघतसुद्धा नाही. मी नोव्हेंबरात येतोय, आणतो की." तिथून मी वाचायला लागलो, आणि वाचता वाचता ठरवलं की चार-सहा प्रकार एकत्र ठेवून, झाकून, नीट चाखून बघायचे. एक एक वेगवेगळ्या दिवशी पिऊन काही कळत नाही. मागच्या आठवड्यातली चव आठवते ती खरी नसते.

आधी शब्दांचा घोळ सांगतो, कारण माझे पहिले पंधरा दिवस त्यातच गेले. आपल्याकडं एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे ०.५ टक्क्याच्या वर अल्कोहोल असलं की ते पेय मद्य ठरतं. ५ टक्क्यांपर्यंतची बिअर साधी, म्हणजे दुकानातली माइल्ड, आणि ५ ते ८ म्हणजे स्ट्राँग. जर्मनीत ०.५ पर्यंतच्या बिअरवर 'अल्कोहोलफ्राय' असं लिहितात. ब्रिटनमध्ये 'लो अल्कोहोल' म्हणायचं तर १.२ टक्के ही मर्यादा. म्हणजे एकाच बाटलीला तीन देशांत तीन नावं पडू शकतात. माझी सूचना एवढीच की पुढच्या बाजूचं नाव वाचू नका, मागचा टक्क्याचा आकडा वाचा.

बेळगावात काय मिळतं ते बघायला ४ ऑक्टोबरला फिरलो. वाइन शॉपमध्ये विचारलं तर उत्तर आलं, "झिरो पाहिजे तर सुपरमार्केटात बघा ओ, आमच्याकडं ते येत नाही." बरोबरच होतं. ०.५ च्या आतलं पेय मद्य नसल्यामुळे ते किराणा-सुपरमार्केटात शीतपेयांच्या कपाटात असतं. तिथं मोठ्या कंपनीची ०.० लागर, म्हणजे नेहमीची फिकट, साधी बिअर पण बिनअल्कोहोलची, मिळाली, ३३० मिलीचा डबा ९५ रुपये. पण मला हवी होती ती छोट्या ब्रुअरीची, दोन-तीन टक्क्यांची, चवीसाठी बनवलेली बिअर. ती बेळगावात कुठंच नव्हती. गोव्यात छोट्या ब्रुअरीज आहेत आणि चोर्ला घाटानं गोवा इथून शंभरेक किलोमीटर. मनात आलं, एका रविवारी जाऊन यावं.

जाण्याआधी विचारून घेतलं हे बरं झालं. गुरुवार, ९ ऑक्टोबरला अर्धी रजा टाकून अबकारी कार्यालयात गेलो. ज्या साहेबांना विचारायचं होतं ते तपासणीला बाहेर गेले होते, दीड तास बाकावर बसलो. दोन प्रश्न कागदावर लिहून नेले होते. पहिला, गोव्याहून चार-सहा बाटल्या आणता येतील का? उत्तर स्पष्ट होतं. गोव्यातल्या बाटलीवर 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' असं छापलेलं असतं, परवान्याशिवाय ती कर्नाटकात आणणं गुन्हा आहे, आणि कणकुंबीच्या नाक्यावर गाड्या तपासतात. टक्का कमी आहे म्हणून सूट नाही. शिनोळीच्या पलीकडं महाराष्ट्रात घेतलेल्या बाटलीलाही तोच न्याय.

मला हे जाचक वाटलं होतं, पण त्यांनी कारण समजावून सांगितलं. प्रत्येक राज्यात प्रत्येक ब्रँडच्या लेबलची वेगळी नोंदणी करावी लागते, त्याची फी भरावी लागते. कर्नाटकात २००३ पासून दारूचा घाऊक व्यवहार राज्याच्या बेव्हरेजेस कॉर्पोरेशनमधूनच होतो. महिन्याला थोडेच बॅरल काढणाऱ्या गोव्यातल्या ब्रुअरीला बेळगावातल्या पाच-पन्नास गिऱ्हाइकांसाठी ही सगळी वाट चालणं परवडत नाही. आपण सीमाभागातली माणसं तीन राज्यांच्या दुकानांपासून तासा-दोन तासांच्या अंतरावर राहतो, पण आपल्या कपाटात एकाच राज्याच्या बाटल्या ठेवता येतात.

दुसरा प्रश्न जागेचा होता. गल्लीतल्या मंडळाचा हॉल घेऊन वीसेक जणांना बोलवावं असा माझा बेत होता. तसं करायचं तर सीएल-५, म्हणजे प्रासंगिक परवाना लागतो, असं कळलं. घरात, पैसे न घेता, चार ओळखीच्या माणसांत चाखायचं तर तो प्रश्न येत नाही. हॉलचा बेत मी तिथंच, बाकावरच सोडला. नंतर कळलं की पाच माणसं हीच बरोबर संख्या होती. प्रत्येकी ६० मिली, म्हणजे पाच जणांना ३०० मिली. ३३० मिलीचा एक डबा बरोबर पुरतो, फेसाचं नुकसान धरून.

दिवाळी झाल्यावर, २७ ऑक्टोबरला, एक देशी नॉन-अल्कोहोलिक 'क्राफ्ट' प्रकार ऑनलाइन मागवला. सहा बाटल्या ५४० रुपये, पोचवायचे ८०. दहा दिवसांनी, ६ नोव्हेंबरला खोकं आलं. एक बाटली फुटलेली, सगळ्या खोक्याला माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा वास. पैसे परत यायला आणखी अकरा दिवस लागले. उघडतानाचा व्हिडिओ लेकीनं काढला होता म्हणून ते आले. तेवढं लक्षात ठेवा.

भाचा २२ नोव्हेंबरला पोचला. त्यानं तीन डबे आणले होते: गव्हाची अल्कोहोलफ्राय, हॅम्बुर्गच्या एका छोट्या ब्रुअरीची ०.५ च्या आतली आयपीए (हॉप्स नावाच्या कडू फुलांचा भरपूर वास असलेली बिअर), आणि २.५ टक्क्यांची राडलर, म्हणजे अर्धी बिअर आणि अर्धं लेमोनेड. परदेशातून कुणाला आणायला सांगणार असाल तर काच नको, डबेच सांगा. ते चेक-इनच्या बॅगेत, एकेका मोज्यात घालून. मद्याची सवलत माणशी दोन लिटर असते, तिच्या आत राहायचं. त्यानं पैसे घेतले नाहीत.

त्या रात्री डॉक्टरांना फोन केला. लपवून करायचं नव्हतं. ते म्हणाले, ०.५ च्या आतलं असेल तर हरकत नाही, त्यावरचं तोंडात घेऊन थुंकायचं. पण चाखणी झाकून असणार, मला कुठला ग्लास कुठला ते कळणार नव्हतं. म्हणजे मला सगळेच थुंकावे लागणार होते. तसंच केलं. यात एक तोटा आहे. कडवटपणा गिळल्यावर मागं रेंगाळतो, तो भाग मला नीट कळला नाही.

इथंच आणखी एक सांगतो. आमच्या बैठकीतला एक जण चार वर्षांपूर्वी दारू पूर्ण सोडून बाहेर पडलाय, उपचार घेऊन. त्याला विचारलं तर म्हणाला, "मला वाससुद्धा नको." त्याला आग्रह केला नाही आणि तुम्हीही कुणाला करू नका. ०.० लिहिलेलं असलं तरी चव आणि वास तोच आहे, आणि ज्याची ओढ मोठ्या कष्टानं सुटलीय त्याला तेवढं पुरतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार. मंडपवाल्याकडून चाळीस काचेचे ग्लास आणले, प्रत्येकी चार रुपये भाडं. सकाळी घासून, गरम पाण्यानं तीन वेळा खळबळून, जाळीवर पालथे घातले. कापडानं पुसले नाहीत. साबणाचा पातळ थर राहिला तर फेस बसतो आणि कमी अल्कोहोलच्या बिअरवर अन्याय होतो, कारण तिचा अर्धा जीव फेसात आणि वासात असतो. ग्लास स्वच्छ आहे का ते बिअर ओतल्यावर कळतं. आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून राहिले तर तो परत धुवायचा.

सगळे डबे एकाच तापमानाला, ८ अंशांना आणले. स्वयंपाकघरातला थर्मामीटर २५० रुपयांना घेतला होता. फ्रिजमधून काढल्याबरोबर चाखलं तर जीभ बधिर होते आणि वाईट बिअरही चांगली लागते. तोंड साफ करायला साधं पाणी आणि ज्वारीची कोरडी भाकरी. चकली, शेंगदाणे, फरसाण सगळं खाली ठेवलं. कुंद्याचा डबा भाच्यानं वर आणला होता, तोही परत पाठवला.

ग्लासांना नंबर द्यायची पद्धत मी फाउंड्रीतून घेतली. एक-दोन-तीन किंवा अ-ब-क लिहिलं की पहिला ग्लास मनात आपोआप वर चढतो. म्हणून तीन आकडी, अर्थ नसलेले नंबर. लेकीनं आत ओतलं, यादी तिच्याकडंच ठेवली आणि प्रत्येकासमोर वेगळ्या क्रमानं मांडलं. सात सँपल, पाच माणसं, पस्तीस ग्लास.

सातांतले दोन ग्लास एकाच मालाचे होते: बेळगावात घेतलेली ०.० लागर, दोन वेगळ्या नंबरांखाली. हे मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. कारखान्यात कास्टिंग मोजण्याआधी आम्ही मोजणाऱ्याला तपासतो. तोच तुकडा तोच माणूस परत मोजतो तेव्हा आकडा किती हलतो ते बघतो, हा गेज आर अँड आर नावाच्या तपासणीचा एक भाग. जिभेलाही ते लावायचं होतं. सातवा ग्लास होता बेळगावच्याच दुकानातल्या ५ टक्क्यांच्या माइल्डचा, तुलनेसाठी, डबा १५० रुपये.

चाखायला मी, घरची मंडळी म्हणजे आमची सौ. जी बिअर पीत नाही, भाचा, फाउंड्रीतला माझा कन्नड मित्र आणि गल्लीतले तात्या, वय ६८. पहिली वीस मिनिटं कुणी बोलायचं नाही असा नियम केला. एकानं "कडू" म्हटलं की सगळ्यांना कडू लागतं. आमच्या माडीवर एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. खालच्या रस्त्यावरून रिक्षा गेल्या, तात्यांनी दोनदा खाकरलं, बस्स.

कागदावर फेस, वास, कडू, गोड, तोंडातला भरीवपणा आणि एकूण दहापैकी गुण, एवढंच होतं. शब्द सापडेनात तेव्हा प्रत्येकानं आपापल्या घरातला शब्द काढला. मित्रानं एका ग्लाससमोर कन्नडमध्ये 'ओगरू' लिहिलं. मराठीत आपण तुरट म्हणतो, पण त्याच्या शब्दात ते तोंड आवळलेलं जास्त दिसतं. सौ.नं २८९ नंबरच्या ग्लाससमोर लिहिलं, 'मोड आलेल्या नाचणीच्या सत्त्वाचा वास'. मी वाचून थक्क झालो. बिअर आंबवणं मध्येच थांबवून अल्कोहोल कमी ठेवलं, तर माल्टच्या काढ्याचा कच्चा वास राहतो. पुरतं आंबताना यीस्ट त्या वासाची द्रव्यं बदलून टाकतं, ते इथं झालेलं नसतं. मी हे तीन आठवडे वाचून शिकलो होतो. तिनं वर्षानुवर्षं पोरांसाठी सत्त्व केलंय, तिला एका वासात कळलं.

साडेनऊला लेकीनं यादी वाचली.

गव्हाची अल्कोहोलफ्राय पहिली, सरासरी ७.४. आयपीए ७.०. ५ टक्क्यांची माइल्ड ६.८. राडलर ५.६. नाचणीचा वास आलेला देशी क्राफ्ट ३.२, त्याच्या बाटलीवर नंतर बघितलं तर १०० मिलीत ८ ग्रॅम साखर, म्हणजे ३०० मिलीच्या बाटलीत २४ ग्रॅम, चहाचे सहा चमचे. यकृतासाठी बिअर सोडून हे पिणं मला पटलं नाही. आणि ती ०.० लागर? एका नंबरखाली तिला ५.८ मिळाले, दुसऱ्याखाली ५.०. डबा तोच, तापमान तेच. मी स्वतः एका ग्लासला ७ दिले होते आणि दुसऱ्याला ४. पाचांतल्या तिघांचा फरक दोन गुणांहून जास्त होता.

म्हणजे आमच्या पाच जिभा मिळून ०.८ पर्यंत अशाच हलतात. मग ७.४, ७.० आणि ६.८ यांच्यात पहिला-दुसरा लावता येत नाही. भाच्याला हे आवडलं नाही, गव्हाची त्यानं आणलेली, तीच जिंकली असं त्याला हवं होतं. शिवाय त्यानं दोन डबे चवीवरून ओळखले असणार, ते तो कबूल करतो. पण मला त्या आकड्यांत जे हवं होतं ते मिळालं. अर्धा टक्कावाल्या दोन बिअर ५ टक्क्यांच्या बाजूला बसल्या होत्या आणि एक जण सोडून आमच्यातल्या कुणाला त्यांच्यात भेद करता आला नव्हता.

कागदाच्या तळाशी एक प्रश्न होता: पूर्ण ताकदीची कुठली? मी, भाचा आणि तात्यांनी गव्हाच्या ग्लासवर बोट ठेवलं. मित्रानं आयपीएवर. बरोबर एकटी सौ. निघाली. "घशात ऊब लागली," ती म्हणाली. ती बिअर पीत नाही म्हणूनच तिला ते जाणवलं असावं. आम्हाला त्या उबेची इतकी सवय आहे की आम्ही ती चवीतच धरतो.

साध्या लागरमध्ये मात्र अल्कोहोल गेलेलं लगेच कळतं. अल्कोहोल तोंडाला भरीवपणा देतं, किंचित गोडी देतं, वास वर उचलतं. निर्वात भांड्यात कमी उष्णतेवर ते उडवून काढलं की त्याच्याबरोबर वासही जातो. लागरकडं दुसरं काही लपवायला नसतं. गव्हाच्या बिअरमध्ये गव्हाचा दाटपणा आणि यीस्टचा केळ्या-लवंगेसारखा वास असतो, आयपीएमध्ये नंतर घातलेल्या हॉप्सचा. रिकामी जागा तिथं भरून निघते. पहिल्यांदा घेणार असाल तर म्हणून मी गव्हाची किंवा आयपीएची वाट सांगेन, पातळ लागरची नाही.

सगळा खर्च १,३७० रुपये झाला, भाच्याचे डबे सोडून आणि परत आलेले पैसे वजा न करता. ग्लास एकही फुटला नाही.

यादी वाचून झाल्यावर मी गव्हाचा उरलेला ग्लास घेतला आणि या वेळी गिळला. बैठक साडेअकरापर्यंत चालली. तात्यांनी त्यांच्या निवृत्तीच्या पैशांचं जे दोन महिने सांगितलं नव्हतं ते त्या रात्री सांगितलं.

१९ डिसेंबरला परत रक्त दिलं. एसजीपीटी ५४. वजनही तीन किलो उतरलंय, रोज सकाळी चालतोय, त्यामुळं श्रेय कशाला द्यायचं ते मी डॉक्टरांवर सोडलंय. त्यांनी आणखी तीन महिने सांगितलेत. भाचा परत गेला. त्याच्या जुन्या मोज्यांची जोडी इथं राहिलीय, ती धुऊन ठेवलीय. मार्चमध्ये त्याचा एक मित्र बेळगावला येणार आहे, त्याला देण्यासाठी यादी केलीय: गव्हाची दोन, आयपीए दोन. सौ.नं खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ जोडलीय, 'काळी मिळाली तर एक.'